सत्तेचाळिसाव्या आठवड्याचं पाकीट

स्कांदिच्ची, १० मे

प्रिय दिलेत्ता,

लिफाफ्यावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कचऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता कारखान्यातल्या फोस्काकडून लिहून घेतलाय. एवढी लबाडी आईला माफ असते. आता फोडलंच आहेस तर वाच. माझा फोन तू घेत नाहीस. दुकानात फोन केला तर तुझी ती मैत्रीण गोड आवाजात 'त्या गिऱ्हाइकाबरोबर आहेत' म्हणून मला वाटेला लावते. आणि सरळ मिलानला येऊन तुमच्या काचेच्या दारात उभं राहावं, तर तिथला काळ्या सुटातला दरवान मला आत सोडेल की नाही याची मलाच शंका. ज्या दुकानातलं निम्मं सामान माझ्या बोटांखालून गेलंय त्या दुकानात, बघ! असो.

कामाचं आधी बोलते. बारा जूनला तुझं आणि रुजेरोचं लग्न. प्रातोच्या त्या जेवणानंतर तू एकच निरोप पाठवलास : 'रुजेरोची आणि त्याच्या बाबांची माफी माग, चुकलं म्हण, तर ये. नाहीतर येऊ नकोस.' त्याला आज बावीस दिवस झाले. तुला ठाऊक आहे, 'चुकलं' हा शब्द माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकतो. तुझे बाबा म्हणायचे, नेद्दाच्या तोंडून ज्या दिवशी 'चुकलं' निघेल त्या दिवशी चर्चच्या घंटा आपोआप वाजतील. ते गेले, आणि घंटा अजून दोरीनेच वाजवाव्या लागतात.

इकडे सगळं ठीक. तुझ्या खोलीच्या खिडकीवरचा निळा वेल फुलून आता झडायलाही लागला. खालच्या मजल्यावरचा म्हातारा रोज जिन्यात अडवून विचारतो, 'मुलीच्या लग्नाला सूट कुठला घालू?' मी म्हणते, 'आधी मला तर जाऊ दे, मग तुझं बघू.' ब्रुस्कीशेठने कारखान्यात नवं मशीन आणलंय, पाकिटांच्या कडा रंगवायचं. तासाला तीनशे, म्हणे. पहिल्या दिवशी तपासणीवाल्या फोस्काने त्यातली दोनशे चाळीस बाजूला काढली आणि ब्रुस्कीशेठच्या तोंडाकडे न बघता एकेक कात्रीने मधोमध कापली. शेठचा चेहरा असा झाला होता की कात्री त्याच्याच अंगावर चाललीय! नियमच आहे ना तो : आपण ज्यांच्यासाठी करतो त्या फॅशनच्या बड्या घराण्याला (नाव लिहीत नाही, सही केलीय मी कागदावर, आणि तुला सांगायची गरजही नाही) खोटवाला माल कुणाच्या हाती जायला नको असतो. पास नाही झालं की कात्री. मी शेठला म्हटलं, 'तुमच्या मशीनला सगळं आहे, अंगठा तेवढा नाही.' तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. म्हणजे आता तुम्ही दोघं झालात.

त्या दिवसाबद्दल आता माझ्या बाजूने ऐक. तू तिथेच होतीस हे मला माहीत आहे, पण तू टेबलाच्या त्या बाजूला होतीस. मी चांगली तयारीने आले होते. केस सेट करून घेतले होते, निळा ड्रेस घातला होता, आणि वाटेत ट्राममध्ये स्वतःला बजावलं होतं, नेद्दा, आज जीभ आवर. प्रातोच्या डोंगरावरची ती खानावळ मला आवडली. बटाट्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली बरे होते, मीठ कमी होतं तरी मी काही बोलले का? नाही बोलले. विहीणबाई वांदाने घरच्या बिस्किटांचा डबा आणला होता, त्याचीही स्तुती केली. तिचा नवरा एर्मेते तर मला बघताक्षणी आवडला. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि लाजतो कसा नव्या नवऱ्यासारखा!

मग त्याने ती गोष्ट काढली. तो निवृत्त झाला, रुजेरो त्याच्यासाठी भेट आणायला मिलानला गेला, त्या मोठ्या दुकानात शिरला आणि घाबरून परत वळणार तेवढ्यात एका मुलीने त्याला हाक मारली. ती मुलगी म्हणजे तू. 'विहीणबाई, हे पाकीट नसतं तर आज आपण इथे जेवत नसतो,' असं म्हणून त्याने ते पाकीट आतल्या खिशातून काढलं, दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं, आणि माझ्या हातात दिलं. हे मला ठाऊकच नव्हतं, दिलेत्ता! तुमची भेट कशी झाली ते तू मला कधी सांगितलंच नव्हतंस. मला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं, आणि तोंडाने काही चांगलं बोलायच्या आत माझा अंगठा कडेवरून फिरला.

अंगठ्याला मी काय करू? अडतीस वर्षं तो तेच करतोय. बेकरीत कुणी पाकीट काढलं तरी माझा हात आपोआप पुढे जातो, पाद्रीबुवांचंसुद्धा मी एकदा तपासलंय. कडेला पाच हात रंग चढतो, दर हाताला वाळवायचं, घासायचं, गरम सळईने दाबायचं, तेव्हा कुठे ती काचेसारखी लागते. आणि त्या पाकिटाच्या कडेला अंगठा दोनदा अडखळला. मग मी आतली कार्डं टेबलावर काढली, पाकीट नाकाला लावलं, उजेडात धरलं. कार्डं काढताना आतलं नाणं घरंगळलं आणि गच्चीच्या जाळीतून खाली नाल्यात गेलं. रुजेरोने देताना ठेवलेलं होतं ते. रिकामं पाकीट कुणी कुणाला देत नाही, द्यायचंही नाही. वांदाने छातीवर क्रुसाची खूण केली. मला तिथेच थांबायला हवं होतं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला! 'हे खोटं आहे,' मी म्हणाले, 'बनावट. आमच्या घराण्यातून अशी कड बाहेर पडत नाही.'

पुढचं तुला माहीत आहे. तू म्हणालीस, 'आई, मी स्वतः विकलंय ते, या हातांनी.' मी म्हणाले, 'मग दुकानाने तुला फसवलं.' रुजेरो पांढराफटक पडला. एर्मेतेने एकेक कार्ड गोळा केलं, पाकिटात घातलं, पाकीट खिशात ठेवलं आणि वर हात ठेवून बसला. आणि तू उठून म्हणालीस, 'तुला माणसं दिसतच नाहीत, कडाच दिसतात! मी घर सोडलं त्या दिवशीसुद्धा तू फोनवर काय म्हणालीस आठवतंय? माझी आज एकही कड हलली नाही, म्हणालीस.' हो, म्हणाले होते. अभिमानाने म्हणाले होते.

फोस्का मला नेहमी विचारते, लोकांना त्या पाकिटांत एवढं दिसतं तरी काय? कारखान्यातल्या आम्ही बाया कार्डं रबरबँडमध्ये गुंडाळून फिरतो; माझा रबरबँड कोबीच्या गड्ड्याचा आहे, चार वर्षं चाललाय. मी म्हणायची, दिखावा, दुसरं काय. पण गेले तीन आठवडे झोप नाही, तर विचार केला. त्या घराण्याचा कोट घेणं जमत नाही, बॅग जमत नाही, त्यांच्या त्या मेजवान्यांना आपल्याला कोण बोलावतंय? पण तळहाताएवढं पाकीट, चार कार्डं बसतील एवढी चामड्याची डबी, ती एकदा आयुष्यात जमते. राजवाड्यात राहता येत नाही, पण दाराची कडी तरी हातात धरता येते. आणि बॅग जगाला दाखवायची असते, पाकीट मात्र छातीशी असतं. ते मिटताना जो हलका टप आवाज येतो ना, तो फक्त ज्याचं त्यालाच ऐकू येतो. एर्मेतेच्या त्या पाकिटात होतं काय? पेन्शनचं कार्ड, औषधाच्या दुकानाचं कार्ड, बेकरीचे शिक्के मारलेला कागद आणि त्यांच्या मेलेल्या कुत्र्याचा फोटो. वांदा सांगत होती, औषधाच्या दुकानात तो पाकीट हळूच उघडतो, मागच्या माणसाला घाई असली तरी. चौतीस वर्षं लोकांनी त्याला फक्त पाठमोरं बघितलं. आता दोन मिनिटं समोरून बघतात. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, सगळ्यांसमोर. हे समजायला मला तीन आठवडे लागले. तुला तिथेच समजलं होतं.

आता नवीन बातमी. मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मी कारखान्यासमोरच्या बारमध्ये कॉफी पीत होते, तर दारात एर्मेते! टोपी हातात, तोच इस्त्रीचा शर्ट. प्रातोहून आगगाडी, मग ट्राम. चौतीस वर्षं चाक ज्याच्या हातात होतं तो माणूस उभ्याने प्रवास करून आला होता. मला वाटलं, आता हा मला चार शब्द सुनावणार, आणि सुनावू दे, मी ऐकून घेईन. तो बसला, इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, 'विहीणबाई, एक गुपित आहे. रुजेरोला सांगायचं नाही.' मला अजून विहीणबाईच म्हणतो, बघ.

'ते खोटं असेल तर असू दे हो,' तो म्हणाला, 'मला काय त्याचं? पोराने प्रेमाने आणलं. फसला असेल बिचारा. पण आता मी ते खिशातून काढलं की तो मान खाली घालतो. मी काढायचंच बंद केलं, तर त्याला वाटतं बाबा रागावले. तुम्ही एवढं करा, ती कड तुमच्या हाताने नीट करून द्या. आणि त्याला सांगा, मी परत तपासलं, खरं निघालं. खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी.' आणि पाकीट रुमालात गुंडाळलेलं माझ्यासमोर ठेवलं.

अगं, मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तरी बघ, तेव्हासुद्धा मी हे म्हटलं नाही की कदाचित मीच चुकले असेन. मनात म्हटलं, नेद्दा, या भल्या माणसासाठी एकदा खोटं बोलायला काय हरकत आहे! त्याला बसवून ठेवलं, त्याच्यासाठी सँडविच सांगितलं आणि मी कारखान्यात माझ्या बाकावर गेले. जुना रंग खरवडायचा तर कोपऱ्याची शिवण उसवावी लागते. चार टाके उसवले, अस्तर वर केलं. आत चामड्याच्या मागच्या बाजूला चंदेरी पेनाने दोन टिंबं होती.

खूण ज्याची त्याची असते, तुला लहानपणापासून माहीत आहे. कोणी बिघडवलं हे फोस्काला कळावं म्हणून आम्ही आत खूण करतो, बाहेरच्याला कधी दिसत नाही. आणि दोन टिंबं कुणाची? आधी वाटलं, नकलीवाल्यांनी माझी खूणही चोरली. हसू नकोस, खरंच वाटलं! मग कप्प्यातला शिक्का पाहिला. सत्तेचाळिसावा आठवडा, तीन वर्षांपूर्वीचा. नोव्हेंबर. तू गेलीस तो आठवडा.

मी ते पाकीट तसंच उसवलेलं घेऊन तपासणीच्या खोलीत गेले आणि फोस्कापुढे आपटलं. तिने चष्मा काढला. बघितलंही नाही नीट. 'मला माहीत होतं,' म्हणाली, 'एखादं कधीतरी परत येणार.' म्हणजे काय, मी विचारलं. तर म्हणते, 'अठरा होती. त्या मंगळवारची. सगळ्यांची कड एकाच जागी थरथरलेली. कात्री हातात घेतली होती मी. पण तू बाकावरून उठत नव्हतीस, पाणीसुद्धा प्यायली नाहीस. तुझी अठरा पाकिटं तुझ्यासमोर कापली असती तर तू माझ्या अंगावर तरी आली असतीस, नाहीतर रडली असतीस, आणि मला दोन्ही झेपलं नसतं. सव्वीस वर्षांत एकदाच डोळे मिटले मी, नेद्दा. आता जा आणि शेठला सांग, हवं तर.' मी कशाला सांगतेय? मी तिच्या खुर्चीत बसले आणि जे तीन वर्षांपूर्वी करायचं होतं ते केलं. भरपूर केलं. तिने मला चामडं पुसायचं फडकं दिलं, तोंडाला अजून वास येतोय.

मला सगळं आठवलं, दिलेत्ता. 'मी कडा रंगवणार नाही, मी विकणार,' असं तू म्हणालीस आणि मी 'जा' म्हणाले. तुझे बाबा गेल्यापासून आपण दोघीच होतो, आणि तरी मी 'जा' म्हणाले. थांब्यावर आले नाही. सात चाळीसची ट्राम कारखान्याच्या मागून जाते, रोज जाते, रोज मला ऐकूही येत नाही. त्या दिवशी ती आली तेव्हा मी ब्रश कडेवर टेकवला होता. त्यात तू बसली आहेस हे मला माहीत होतं. ट्राम पूर्ण जाईपर्यंत माझा हात हलत राहिला, आणि मग दिवसभर हलत राहिला. मी स्वतःला सांगितलं, थंडी आहे. संध्याकाळी तुला फोनवर सांगितलं, एकही कड हलली नाही. आणि तेच पाकीट फिरत फिरत तुझ्याच दुकानात आलं, तुझ्याच हातातून रुजेरोकडे गेलं, आणि परत माझ्यासमोर आलं तर मी माझाच हात ओळखला नाही. म्हणाले, असली कड आमच्याकडची नव्हेच! (आणि तुला विकताना ती खोट कशी कळली नाही? पांढरे हातमोजे काढून एकदा अंगठा फिरवत जा, बाई. एवढं तरी आईचं घे.)

बारमध्ये परत गेले आणि एर्मेतेला सगळं सांगितलं. त्याने सँडविच अर्धं टाकून ऐकलं. कड नवी करून देते म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. त्याने बोट फिरवून ती जागा शोधली आणि म्हणाला, 'राहू द्या. चौतीस वर्षं बसमध्ये हादरे खाल्लेत, एवढा एक खिशात चालेल मला. आणि हा तर माझ्या सुनेच्या नावाचा आहे.' मी नुसते चार टाके परत घातले.

तर एवढ्यासाठी हे पत्र. चुकलं. घे, लिहिलं. पाकीट खरं होतं, तू खरी होतीस, रुजेरो खरा होता, खोटं बोलले ती मी एकटी, आणि तेही तीन वर्षांपूर्वी, फोनवर. रुजेरोला वेगळं लिहिलंय, चार ओळी, त्यातल्या तीन 'चुकलं' आहेत. तू म्हणशील तर बारा जूनला सगळ्यांसमोर उभी राहून म्हणेन, वाटल्यास घंटाही वाजवेन. पण मला लग्नाला यायचंय, दिलेत्ता. तू गेलीस तेव्हा माझा हात हलला होता, हे मला तुला सांगायचंय. अजून सतरा पाकिटं जगात कुठे कुठे फिरतायत, कुठल्या कुठल्या शहरांत, अनोळखी लोकांच्या खिशांत, आणि त्या प्रत्येकात मी तुझ्यासाठी रडतेय. त्या बिचाऱ्यांना पत्ताच नाही! या रविवारी तू आलीस तर मी ट्रामच्या थांब्यावर उभी असेन, केस सेट न करता. एर्मेतेला पाकीट रिकामं परत देता येत नव्हतं, नाणं तर माझ्यामुळे नाल्यात गेलेलं. म्हणून मी माझ्या रबरबँडमधलं दिलं, ते जुनं पन्नास लिऱ्यांचं, जे तू अडीच वर्षांची असताना गिळलंस आणि ज्याची मी तीन दिवस भांडं घेऊन वाट पाहिली. सव्वीस-सत्तावीस वर्षं जपलं होतं, आता तुझ्या सासऱ्याच्या छातीशी राहू दे. तीनदा धुतलंय. पण वांदाला ते कुठून आलं हे सांगू नकोस.

थांब्यावर वाट बघणारी,
तुझीच,
आई